आईनं शिकवलेला कॅच

बॅटिंग मी बरी करायचो, पण फिल्डिंगला उभा राहिलो की घाम फुटायचा. चेंडू हातात यायचा आणि टप्पकन बाहेर पडायचा. कॉलेजचे सर ओरडायचे, "हात हायेत का पाट रं?" पोरं खिदळायची आणि माझं डोकं फिरायचं. मे महिन्यात जिल्ह्याच्या संघाची निवड होती. तिथं घेतलं तर बांधकामाच्या धुळीतनं सुटलो, असं मी धरूनच चाललो होतो.

सुट्टीत मी आईबरोबर बांधकामावर जायचो. ती वरच्या मजल्यावर उभी राहून खालनं फेकलेल्या विटा झेलायची, तेही गप्पा मारत. माझं रडगाणं ऐकून ती हसलीच. "तू चेंडूवर झडप घालतोस. विटेवर अशी झडप घातलीस तर कातडं ऱ्हाईल का? ती जिकडं चाललीया, तिकडंच हात न्यायाचं."

मग महिनाभर विटाच झेलल्या. आधी बोटं सोलली, मग हात आपोआप पोटाकडं यायला लागले. मैदानावर सरांनी लागोपाठ वीस कॅच मारले, मी एकही सोडला नाही. सर म्हणाले, "आता कसं!" मला तर रडूच आलं.

आणि च्यायला, निवडीच्याच दिवशी मुकादमानं स्लॅब ओतायचा काढला! चाचणी दुपारी तीनला होती. "एक वाजेपतोर उरकतंय की," मुकादम म्हणाला, म्हणून सकाळी मी साखळीत उभा राहिलो. खालनं आलेलं काँक्रीटचं घमेलं झेलायचं आणि बांबूच्या परांचीच्या वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या आईच्या हातात द्यायचं. पण पहिलं घमेलं भरायच्या आधीच मिक्सरचा पट्टा तुटला. तो बसवण्यात दोन तास गेले.

दोन वाजले तेव्हा अर्धा स्लॅब बाकी होता. सुरू केलेला स्लॅब मध्ये थांबवत नाहीत, सांधा राहिला की तिथनं जन्मभर पाणी गळतं. साखळीत जास्तीचं माणूस नव्हतं. मी निघालो असतो तर आईला खाली वाकून माझंही घमेलं घ्यावं लागलं असतं. वर माणसं, खाली माणसं आणि मध्ये मी, त्या अरुंद परांचीवर. भयंकर राग येत होता. मुकादमाचा, मिक्सरचा, आईचासुद्धा.

"जा की, मी बघते हितलं," आई म्हणाली. म्हणाली खरी, पण हात पुढं केलेलेच होते. त्यांत मी घमेलं दिलं. मग पुढचं दिलं.

स्लॅब पाचला संपला. स्लॅब पडल्यावरच्या जेवणाच्या पंगतीत मुकादमानं माझ्या पाठीवर थाप मारली. "सबंध दिवसात ह्याच्या हातनं एक घमेलं सुटलं न्हाय! उद्यापास्नं कायमचा येत जा."

आई ताटात बघत बसली. मी म्हणालो, "येतो."