अकरा पावलं

"द्यायचं तर दे, न्हायतर चाललो आम्ही."

एवढं बोलून आक्का दुकानाची पायरी उतरायच्या आणि बरोबर आलेले आम्ही सगळे मनातल्या मनात पावलं मोजायला लागायचो. त्यांचा नियम ठरलेला होता. अकरा पावलांच्या आत दुकानदारानं हाक मारलीच पाहिजे. लवकर मारली तर भाव अजून उतरतो, नवव्या-दहाव्याला मारली तर तो शेवटचा. मागं वळून बघायचं नाही. फारच झालं तर चप्पल नीट करायच्या निमित्तानं वाकायचं.

आक्का आमच्या बेळगावच्या हायस्कुलात मराठी शिकवायच्या. मी विज्ञानाचा. पण माझ्याकडे स्कूटर होती, त्यामुळे शाळेत कुणाचीही साडीखरेदी निघाली की आक्कांना शहापूरच्या गल्ल्यांत नेण्याचं काम माझ्याकडे. भाव विचारायच्या त्या कन्नडमध्ये, "एष्टु?" दुकानदारानं आकडा सांगितला की अशा काही हसायच्या की त्या बिचाऱ्याला स्वतःचीच लाज वाटावी. असं कुणी तुमच्याही ओळखीत असेलच. अशा माणसाबरोबर आपण खरेदीला जात नाही, कुस्ती बघायला जातो.

ही सगळी मर्दुमकी मात्र दुसऱ्यांसाठी. भाचीचं लग्न, शेजारणीची दिवाळी, शिपायाच्या सुनेचं डोहाळजेवण. स्वतः त्या पाच-सहा साड्या आलटून पालटून नेसायच्या. निवृत्तीला पंधरा दिवस उरले तेव्हा मला म्हणाल्या, "सर, निरोपाला एक साडी माझी म्हणून घ्यायची हाय. जन्मात एकदा."

नेहमीच्या दुकानात गेलो, तर गादीवर म्हाताऱ्या मालकाऐवजी त्याचा मुलगा बसलेला. बी.कॉम. झालेला, चष्मेवाला, अतिशय सभ्य. त्याच्या डोक्यावर नवीकोरी पाटी: 'एकच भाव'.

आक्कांना पहिलीच साडी आवडली. जांभळी, हिरव्या काठाची. चिठ्ठीवर चोवीसशे. तशीच साडी पलीकडच्या गल्लीत तीन हजारांना आम्ही नुकतीच बघून आलो होतो.

"अठराशे," आक्का म्हणाल्या.

"एकच भाव हाय, आक्का."

"दोन हजार."

"एकच भाव, आक्का."

मग ते वाक्य झालं, पायरी झाली, पावलं सुरू झाली. सात. नऊ. अकराव्याला आक्का चपलेशी वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"सर, बघा की जरा. काय करतोय त्यो?"

"मोबाइल बघतोय."

"थांबा मग. दुसरी चप्पल न्हाय का अजून."

दुसरी चप्पलही नीट झाली. हाक आली नाही.

पुढचा आठवडाभर आमची स्कूटर रोज त्या दुकानावरून गेली. एकदा कोथिंबीर आणायला, एकदा देवळात, एकदा तर उगाचच. साडी तिथंच टांगलेली असायची आणि आक्का दुसरीकडे बघायच्या. शेवटी माझं डोकं तापलं. "आक्का, चोवीसशे हा स्वस्तच भाव आहे, हे तुम्हाला कळतं ना?"

"कळतंय की. पण त्यानंच आधी स्वस्त करून ठेवलं, मग मी काय केलं, सर?"

मी विज्ञानाचा माणूस; स्कूटरला किक मारली. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. निरोप चार दिवसांवर आला होता, आणि आक्का जुन्याच साडीत निरोप घेणार हे दिसत होतं.

मी गुपचूप त्या मुलाला गाठलं. म्हटलं, पाटी काही दिवस आत ठेव. तू आक्कांना दोनशे कमी कर, ते मी भरतो. तुला चोवीसशेच मिळतील. तो म्हणाला, "पण सर, हे खोटं न्हाय का?" मी म्हटलं, "हे समाजकार्य आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मुलगा घामाघूम. आक्कांनी "एष्टु?" म्हणताच म्हणाला, "चोवीसशे... पण करू की कमी!" आक्कांचे डोळे चमकले. बावीसशे झाले. मी सुटलो असं वाटलं, तोच त्या उठल्या आणि पायरी उतरल्या. हा पठ्ठ्या तिसऱ्याच पावलाला ओरडला, "अहो आक्का, या परत! तुमच्या भावानं घ्या!"

त्यांचा भाव एकोणीसशे निघाला. मुलगा माझ्याकडे बघत होता, मी छताकडे बघत होतो. दोनशेचं समाजकार्य पाचशेला पडलं. पण येताना स्कूटरवर मागं बसून आक्का गुणगुणत होत्या.

निरोपाच्या दिवशी त्या जांभळ्या साडीत इतक्या छान दिसत होत्या की मुख्याध्यापक भाषण विसरले. कार्यक्रम संपल्यावर आक्कांनी मला एक पुडकं दिलं. आत शर्टपीस होता, त्याच दुकानातला. चिठ्ठी तशीच लावलेली: पाचशे.

"भिंतीवर पाटीचा खिळा तेवढा दिसत हुता, सर," त्या म्हणाल्या. "आन् मी भाव पाडला की तुमचं तोंड पडत हुतं. मी बावीसशेलाच घेणार हुते. पण लई मज्जा आली बघा."

मी नंतर त्या मुलाला विचारलं, शर्टपीसचा भाव कितीवर आणला त्यांनी? तो म्हणाला, "न्हाय सर. काय बोलल्याच न्हाईत. पाचशे दिले आन् गेल्या."

त्यानंतर आक्का बंगळूरला मुलाकडे राहायला गेल्या. आता शाळेत कुणाला साडी घ्यायची असली की जो तो जातो, चिठ्ठी वाचतो, घेऊन येतो.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"हितं मॉलात भेंडीच्या पाकिटावर सुद्धा चिठ्ठी असतिया, सर. काल न ऱ्हावून त्या काउंटरवरच्या पोरीला म्हटलं, द्यायचं तर दे, न्हायतर चाललो आम्ही. आन् निघाले. अकरा पावलं गेले. बारावं सुद्धा टाकलं."

"मग?"

"कुणी हाक मारली न्हाय."

माझ्या तोंडातून भलतंच निघालं. "अहो आक्का, या परत! तुमच्या भावानं घ्या!"

पलीकडून तोच जुना, खणखणीत आवाज आला.

"एष्टु?"