साहेबांचा मुक्काम

कासुर्डीच्या फाट्यावर चहाच्या टपरीत मामा रोज भेटतात. आयुष्यभर सरकारी जीप चालवल्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारचे जीव आहेत, साहेब आणि बाकीचे. त्यांचा हरभरा खाणारा रानससाही साहेबच.

“पावसाळ्यात साहेब वर माळावर. खाली चिखलात पाय भरत्यात ना! थंडीत माझ्या हरभऱ्यात कॅम्प, जेवणासकट. आन् उन्हाळा लागला की ओढ्याच्या घाणेरीच्या जाळीत, गार सावलीला. बदलीचा अर्ज न्हाई, काय न्हाई!”

एवढं बोलून मामा बशीतला चहा फुर्रकन ओढतात आणि दर वेळी तीच धमकी देतात, “औंदा फास लावतोच बघा.” फास काही लागत नाही. विचारलं की म्हणतात, चांगली दोरीच गावत न्हाई.

गेल्या मे महिन्यात टपरीसमोर एक टेम्पो थांबला. आत तिघं जण आणि जिभा काढून बसलेली कुत्री.

“मामा, इकडं ससं कुठं गावतील?”

मला वाटलं, आता साहेबांची खैर नाही. मामांनी बशी खाली ठेवली आणि उघड्याबोडक्या माळाकडे हात केला.

“त्या तिकडं. लई हायती. पार टोकापर्यंत जावा.”

टेम्पो धुरळा उडवत गेला. मी म्हणालो, “अहो मामा, उन्हाळ्यात तर ते ओढ्याच्या...”

“हळू बोला की,” ओढ्याकडे बघत मामा पुटपुटले. “साहेब झोपल्यात.”