चिमूटभर भुकटी

प्रयोगशाळेत तिला सगळे मिरची म्हणत, आणि काही खोटं नव्हतं. राग कायम नाकावर! पण चार वर्षांत तिच्या हातून एकही परीक्षानळी फुटली नव्हती.

काम एका औषधाचं होतं: शरीरात जाऊन बेताबेताने कार्बन मोनॉक्साइड सोडणारा, सूज उतरवणारा रेणू. याच वायूने तिच्या घरातला एक जीव घेतला होता. तिचा दादा बंद खोलीत शेगडी पेटवून झोपला, तो उठलाच नाही. नोकरीचं ऐकून आईने थयथयाट केला होता. "त्या मेल्या वायूची चाकरी करणार तू?"

"चाकरी कसली, आई? त्यालाच कामाला लावतेय."

तेव्हापासून आई रोज विचारायची, "लागला का कामाला?"

चाचणी ठरलेली. रक्तातलं लाल द्रव्य घ्यायचं, त्यातला प्राणवायू काढायला चिमूटभर पांढरी भुकटी टाकायची, मग रेणू. रंग बदलला की समजायचं, वायू सुटला. रंग रोज बदलायचा. सोमवारपासून औषध रोग्यांना देणार होते.

शुक्रवारी भुकटी संपली. नवी येईपर्यंत हातावर हात धरून कोण बसणार? तिने रेणू बंद बाटलीत पाण्यात सोडला आणि वायू मोजायचं यंत्र जोडलं. तासभर काटा हलेना. तिने जुन्या डबीच्या तळाची भुकटी खरवडली, पाण्यात कालवून सुईने आत सोडली. काटा टुणकन वर!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे वायू सोडवत होती ती भुकटी! रोग्याच्या पोटात कुठली आलीय भुकटी? बिचारे आशेने गोळ्या गिळणार, आणि आत काही म्हणजे काही घडणार नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले, "यंत्र बिघडलं असेल. अहवालावर सही कर तू."

"बिघडलं? मग भुकटी टाकल्यावर कसं सुधारलं?"

"चार वर्षं पाण्यात घालवायचीत का?"

"गेलीच आहेत! माझ्याच हातांनी घातलीत, रोज चिमूट चिमूट. माझा मला कमी राग आलाय का? पण गोळीबरोबर रोग्यांना भुकटी चारणार आहात का, तेवढं सांगा!"

तिने अहवालाचा कागद ओढला, 'भुकटीशिवाय वायू सुटत नाही' असं ठसठशीत लिहिलं आणि खाली सही ठोकली. सोमवारचं रद्द झालं.

घरी आईने सवयीने विचारलं, "लागला का कामाला?"

"नाही लागला!" मिरची ओरडली, पर्स भिरकावली आणि रडायलाच लागली. रडत रडत सगळं सांगितलं.

आईने ऐकून घेतलं. मग तीच कडाडली, "रडतेस काय? माझा पोरगा खाल्लाय त्याने. सोडायचं नाही त्याला. सोमवारी जा, आणि भुकटीशिवाय चालेल असं दुसरं औषध कर."