एकीच्या तपासणीत दोघी

घराची भिंत कुडाची असली की आतलं भांडण लपत नाही. पुढे साऱ्या वस्त्या जिला मावशी म्हणायच्या, ती तेव्हा नऊ वर्षांची होती. परसात बसून राखेने भांडी घासत होती, आणि आत तिची आत्या तिच्या बापाशी भांडत होती.

"वहिनीचं डोकं दोन दिवस ठणकतंय. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणते. गाडी जुंप, दवाखान्यात ने तिला."

"आधीची तीन घरीच झाली ना? दवाखान्यात काय सोन्याचा पाळणा टांगलाय? उद्या बघू."

"उद्यापर्यंत तिने थांबायला हवं ना!"

"तोंड आवर."

आत्याने तोंड काही आवरलं नाही, पण गाडीही जुंपली गेली नाही. दुसऱ्या दिवशी आई गेली आणि पोटातलंही तिच्याबरोबर गेलं.

मोठेपणी मावशी आरोग्य केंद्रात झाडलोटीला लागली. नर्सबाई एकटी आणि वस्त्या नऊ, म्हणून आणखी एक काम तिच्या गळ्यात पडलं. तपासणीच्या आदल्या दिवशी वस्त्या फिरून गरोदर बायकांना निरोप द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यांना चालवत आणायचं. दीड तासाची वाट. मावशी सगळ्यांच्या मागे चालायची. पुढे गेलं तर मागचीला लागलेली धाप दिसत नाही, म्हणायची. तिला अक्षरओळख नव्हती, कार्ड वाचता येत नव्हतं, पण केंद्राच्या दाराशी चपलांजवळ बसून ती पायांवरून बाई ओळखायची. "तोंड काय, तपासणीला येताना सगळ्याच घासूनपुसून येतात," म्हणायची. "टाचा कोण घासतं?"

वीटभट्टीवरच्या घरात दोन जावा एकदमच गरोदर राहिल्या. थोरली नेमाने यायची. धाकटीचं विचारलं तर म्हणायची, "तिचंही होतंय." मावशीला वाटलं, धाकटी दुसऱ्या वस्तीच्या बायकांबरोबर येत असेल. तपासणी सुरू होऊन बायका आत जाऊ लागल्या की मावशी दारातून उठून विहिरीवर पाणी भरायला जायची, त्यामुळे कोण आत गेलं ते तिला दिसायचं नाही.

एकदा विहिरीचा दोर तुटला, म्हणून ती दाराशीच बसून होती. नवीन आलेल्या नर्सबाईंनी आतून नाव पुकारलं. नाव होतं धाकटीचं, आणि उठली थोरली. डाव्या पायाच्या अंगठ्यावर वीट पडून काळं झालेलं नख तिचंच.

मावशीने तिचं मनगट धरलं. "तू कुठे निघालीस?"

थोरली गडबडली. "सासूबाईंनीच सांगितलंय. एक महिना माझं कार्ड, एक महिना तिचं. दोघी आलो तर विटांचे साचे कोण भरणार? आमचे दिवस सारखेच, जेवतोही एकाच ताटात. एकीचं तपासलं की दोघींचं झालं."

"मग बाळंतही एकटीच हो दोघींच्या वाटची!" रांगेतली एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

मावशी हसली नाही. "धाकटी कशी आहे?"

"बरी आहे की. डोकं तेवढं दुखतं. आणि हल्ली चपला होत नाहीत तिला."

नर्सबाईंनी धाकटीचं कार्ड उघडलं. आधीच्या दोन्ही खेपांचं बीपी तिथे अगदी व्यवस्थित लिहिलेलं होतं, आणि ते सगळं थोरलीचं होतं. त्यांनी गाडीसाठी फोन लावला. गाडीची वाट न बघता मावशी भट्टीकडे निघाली.

धाकटी चिखलात उकिडवी बसली होती. चेहरा इतका सुजलेला की डोळे बारीक झाले होते. सासू समोरच विटा रचत होती.

"आज भट्टी लावायची आहे, मावशी. उद्या पाठवते."

"आज. आत्ता."

"आम्ही काय घरी बाळंत झालो नाही?"

"झालात की. ज्या उठल्या नाहीत, त्या येतात का सांगायला?"

सासूच्या हातातली वीट हातातच राहिली. वाईट बाई नव्हती ती. आयुष्यभर दोन हातांत चार हातांचं काम केलेली बाई. उठून तिने सुनेचे हात कोपरापर्यंत धुतले, आपलं कोरडं लुगडं तिच्या खांद्यावर टाकलं आणि गाडी आल्यावर तिच्या शेजारी चढून बसली.

मोठ्या दवाखान्यात धाकटी वाचली. मुलगी झाली होती, पण तिने श्वास घेतला नाही. सासू दवाखान्याच्या पायरीवर ते कार्ड उलटसुलट करत बसली होती. जो येईल त्याला दाखवायची. "बघा ना, यात तर सगळं बरोबर लिहिलंय."

त्या दिवशी मावशी तिच्याशी भांडली नाही. नुसती शेजारी बसली. आपण पाणी भरत राहिलो, हे तिच्याही मनात सलत होतं. पुढे पाणी दुसऱ्याने भरायचं ठरलं आणि आत जाणाऱ्या प्रत्येक बाईचं कार्डावरचं नाव मावशीसमोर पुकारलं जाऊ लागलं.

तीन वर्षांनी मावशीची नोकरी संपली. शेवटच्या दिवशी नर्सबाई म्हणाल्या, "आज बसा हो. चहा घ्या, गप्पा मारू."

"उद्या तपासणी आहे," मावशी म्हणाली. "चहा संध्याकाळी."

भट्टीवर पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. धाकटीला चौथा महिना लागला होता.

"दोघी येतोय आम्ही," सासूच आधी बोलली. "ती तपासायला आणि मी तिच्या सोबतीला. थोरली बघेल साचे."

"भाकरी खाऊन निघा. आणि हिला घाई करायची नाही."

"आता मलाच शिकवा!"

मावशी घोटभर पाणी प्यायली. नाल्यापलीकडे एक नवी सून आली होती, तिला दिवस गेल्याचं कानावर होतं. चपला हातात घेऊन मावशी नाल्यातून पलीकडे गेली आणि अंगणातूनच हाक मारली, "आहेस का गं घरात?"