नाव न लिहिलेल्या चिठ्ठ्या

कॉलेजात महेजबीन तांबोळीला पाठीमागं ‘चिठ्ठीवाल्या मॅडम’ म्हणत, आणि म्हणणाऱ्यांत पोरांपेक्षा प्राध्यापकच जास्त होते. तिच्या पिशवीत बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा असायचा. अर्थशास्त्राचा तास संपायला पाच मिनिटं उरली की ती जुन्या प्रश्नपत्रिकांचे पाठकोरे तुकडे वाटायची, आणि पोरांनी त्यावर एकच गोष्ट लिहायची, आज काय समजलं नाही. नाव लिहायचं नाही, हा एवढाच नियम. डबा बाकांवरून फिरून परत येई, आणि दुसऱ्या दिवशीचा तास त्यातल्याच एखाद्या चिठ्ठीनं सुरू होई.

एवढी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टीला जेवढे हसणारे भेटतात तेवढे अवघड गोष्टीला भेटत नाहीत. स्टाफरूममध्ये कुणी म्हणे, “मॅडम, आज देवीनं काय कौल दिला?” महेजबीन हसून डब्याचं झाकण लावायची. तासिका तत्त्वावरच्या माणसाला हसण्याशिवाय दुसरं उत्तर परवडत नाही. अकरा वर्षं ती त्याच कॉलेजात शिकवत होती, आणि अकराही वर्षं दर जूनमध्ये तिची नव्यानं मुलाखत व्हायची. समोरची माणसं तीच, चहा तोच, आणि प्रश्न असे विचारायचे की जणू ही बाई आजच गावात उतरली आहे.

ती राहायला कासुर्डीला, वडिलांकडे. सकाळी चौफुल्यापर्यंत वडाप जीप, तिथून शिरूरची एसटी, भीमेच्या पुलावरून पलीकडे. वडील चांदभाई यांचं हायवेच्या कडेला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. चिठ्ठीची कल्पना तिनं कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती. ती त्या दुकानातून आली होती. जळालेली मोटार घेऊन कुणी शेतकरी आला की चांदभाई आधी त्याला बसवायचे आणि विचारायचे, “कशी जळाली? कोरडी चालली का?” माणूस चाचरत कबूल करायचा की रात्रपाळीला डोळा लागला आणि विहिरीचं पाणी तुटल्याचं कळलंच नाही. चांदभाई मान हलवायचे आणि मग पाना हातात घ्यायचे. लहानपणी एकदा महेजबीन अशा कबुलीवर खुदकन हसली होती. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी तिला जवळ घेऊन सांगितलं, “बेटा, चूक सांगनाऱ्याला हसू न्हाई. आज हसलीस तर पुढच्या बारीला त्यो खोटं सांगल. आन् खोट्यावर मोटार दुरुस्त होत न्हाई.”

हे वाक्य तिला आठवलं ते फार उशिरा, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. तोवर तीही चारचौघांसारखीच शिकवत होती. फळ्यावर लिहायचं, लिहून द्यायचं, “समजलं का?” विचारायचं आणि “हो” ऐकून पुढं जायचं. त्या वर्षी मागणीची रेषा काढताना तिची तंद्री लागली आणि उतरती रेषा तिनं चढती काढली. म्हणजे वस्तू जितकी महाग तितकी माणसं जास्त घेतात. बाजारात एक जुडी कोथिंबीर घेतलेल्या कुठल्याही पोराला कळेल असा घोळ. साठ पोरांनी ती रेषा पट्टी लावून वहीत उतरवली. “समजलं का?” “हो मॅडम.” परीक्षेच्या पेपरांत साठही चढत्या रेषा तिच्यापुढं आल्या तेव्हा तिला कळलं की आपण तीन वर्षं भिंतीला शिकवत होतो. तिला स्वतःची मनस्वी लाज वाटली. दुसऱ्या आठवड्यात तिनं डबा आणला.

सुरुवातीला चिठ्ठ्या कोऱ्या यायच्या. मग कुणीतरी लिहिलं, ‘इंग्रजी शब्द आला की पुढचं सगळं ऐकू येत नाही.’ तिनं ती चिठ्ठी वर्गात वाचली, हसली नाही, आणि तास पुन्हा मराठीत घेतला. त्यानंतर डबा भरायला लागला. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून ती चिठ्ठ्या वाचायची. न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंतचा रस्ता त्यात कसा सरायचा ते तिला कळायचं नाही. त्या वेळी ती खरोखर सुखी असायची.

मागच्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गातून एक चिठ्ठी आली. पुरवठ्याचा नियम शिकवून झाला होता, भाव पडला की माल कमी येतो. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘आमच्याकडं शेवंती हाय. भाव पडला तरी आम्ही सगळी फुलं तोडतो, कारण झाडावर ठेवली तर सडतात आणि नवीन कळी धरत नाही. मग नियम चुकला का आम्ही चुकतो?’

महेजबीननं ती चिठ्ठी तीनदा वाचली. दुसऱ्या दिवशी अख्खा तास तिनं त्या शेवंतीवर घेतला. टिकणारा माल कोणता, नासणारा कोणता, कांदा थांबू शकतो पण फूल का थांबू शकत नाही. पोरं एकमेकांचं बोलणं तोडून बोलत होती. तास संपता संपता शेवटच्या बाकावरची एक सावळी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, ती चिठ्ठी माझी व्हती.” ती करिश्मा, तळेगाव ढमढेऱ्याच्या फुलवाल्या घरची. तोवर वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्या दिवसापासून ती पुढच्या बाकावर आली, आणि दिवाळीच्या सुमारास म्हणायला लागली की मला एमए करायचंय, तुमच्यासारखं शिकवायचंय. महेजबीनला वाटलं, अकरा वर्षांचं सार्थक झालं.

माणसाला असं वाटलं की समजावं, काहीतरी वाईट चालून येतंय.

त्या हिवाळ्यात कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती येणार होती. फाइली सजवायचं काम प्राध्यापक मच्छिंद्र सरांकडे होतं. सर ज्येष्ठ, वजनदार, त्याच वर्गाला इतिहास शिकवायचे. शिकवायचे म्हणजे खुर्चीत बसून पुस्तक वाचून दाखवायचे. डब्याला सगळ्यात मोठ्यानं हसणारे तेच होते. आता ते आपणहून महेजबीनपाशी आले. “मॅडम, समितीला कॉलेजचा एक उत्तम उपक्रम दाखवावा लागतो. तुमच्या चिठ्ठ्या दाखवू. पण पुरावा पाहिजे. विद्यार्थ्याचं नाव, हजेरी क्रमांक, सही. निनावी कागदाला कोण विचारतो?”

“सर, नाव आलं तर मुलं खरं लिहिणार नाहीत.”

“तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. यंदा तुमची जागा कायम भरायची असं प्राचार्य बोललेत. उपक्रम तुमच्या नावावर दाखवला तर त्यांनाही सोपं जाईल. बघा तुम्ही.”

दोन दिवस महेजबीननं डबा नेहमीसारखाच फिरवला. तिसऱ्या दिवशी तिनं वर्गाला सांगितलं, थोडे दिवस चिठ्ठीवर नाव लिहा, कागद माझ्यापाशीच राहतील. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग करिश्मानं आधी नाव लिहिलं, आणि तिच्या मागून सगळ्यांनी.

दुसऱ्या आठवड्यात करिश्माची चिठ्ठी आली. ‘आज सगळं समजलं. पण इतिहासाच्या तासाला सर नुसतं वाचतात, ते काहीच समजत नाही. तिथं पण असा डबा ठेवता येईल का?’ खाली ठसठशीत नाव, क्रमांक, सही. महेजबीनला एसटीत आधी हसू आलं, मग खालची सही दिसली. ही तेवढी काढून ठेवायची, असं तिनं ठरवलं. पण सकाळी आल्या आल्या पहिला तास होता. गठ्ठा तिनं टेबलाच्या खणात ठेवला, आणि ती वर्गातून परत येईपर्यंत मच्छिंद्र सरांनी तो फाइलीसाठी शिपायाकरवी उचलून नेला होता.

सरांनी चिठ्ठी सगळ्या वर्गापुढं वाचली. करिश्माला उभं केलं. मग तिच्या आईला बोलावणं गेलं. गिताबाई शेतातूनच आल्या, पदराला फुलांच्या देठांचा हिरवा डाग तसाच. प्राचार्यांच्या खोलीत त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. काय झालंय हे नीट कळायच्या आतच त्यांनी हात जोडले, “सायेब, पोरगी येडी हाय. चुकलं तिचं.”

महेजबीनलाही बोलावलं होतं. मच्छिंद्र सरांनी चिठ्ठी तिच्यापुढं धरली. आवाज न चढवता ते म्हणाले, “मॅडम, हे अक्षर तिचंच ना?”

त्या खोलीत ती खूप काही बोलू शकली असती. ही चिठ्ठी मला लिहिली होती, म्हणू शकली असती. हिनं जे लिहिलं ते खरं आहे, हेही म्हणू शकली असती. करिश्मा तिच्याकडेच बघत होती, घाबरून नाही, वाट बघत. महेजबीनच्या डोळ्यांपुढं जूनची मुलाखत आली.

“हो,” ती म्हणाली.

करिश्मानं मान खाली घातली. माफीचा कागद लिहून दिला आणि आईच्या मागून निघून गेली. त्यानंतर ती कॉलेजात आली नाही. फोन वाजून वाजून बंद व्हायचा.

समिती आली, जेवली, गेली. डब्याचं फार कौतुक झालं. अहवालात रंगीत फोटो आला, आणि वर्गावर्गात कुलूपवाली स्टीलची पेटी बसली, तिच्यावर कॉलेजचं बोधचिन्ह.

उन्हाळा लागल्यावर महेजबीन तळेगावच्या आठवडे बाजारात गेली. गिताबाई फुलांची पाटी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तिला बसायला पोतं अंथरलं. राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

“करिश्मा सणसवाडीला हाय, कंपनीत. पॅकिंगला. तिथंच खोली घेऊन ऱ्हाती पोरींसंगं.”

“तिला परत पाठवा. फॉर्म मी भरते. मी स्वतः येऊन नेते तिला.”

गिताबाईंनी पाटीतली सुकलेली फुलं निवडून बाजूला टाकली. “म्या लई सांगितलं, मॅडम. ती म्हनती, आई, हितं बरं हाय. सुपरवायझर इचारतो, समजलं का, आपुन व्हय म्हनायचं, मागनं कुनी काय इचारीत न्हाई.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “तुमच्यावर तिचा राग न्हाई. नाव म्याच लिवलं म्हनती.”

घरी येऊन तिनं अब्बांना सगळं सांगितलं. आपण ‘हो’ म्हणालो तेही सांगितलं. चांदभाई आता थकले होते, दुकान बंदच होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून मान हलवली. हसले नाहीत, रागावले नाहीत. “तू तरी खरं सांगितलंस,” एवढंच म्हणाले. ती तिथंच बसून रडली.

जूनमध्ये बाराव्यांदा मुलाखत झाली. जागा कायम भरली नाही. पुन्हा तासिका तत्त्व.

तोच वर्ग आता तिसऱ्या वर्षाला आला होता, करिश्मा सोडून. महेजबीन पेटीकडे न बघता आपला जुना डबा घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मागच्या वर्षी माझं चुकलं. मी तुम्हाला दिलेला शब्द मोडला. आता नाव लिहायचं नाही, पुन्हा कधीच नाही.” पोरं शांतपणे ऐकत होती. डबा फिरून आला. एसटीत तिनं तो उघडला. एकूण एक चिठ्ठीवर एकच शब्द होता, ‘समजलं.’

आठवडाभर तेच. मग एका सकाळी तिनं फळ्यावर मागणीची रेषा काढली, मुद्दाम चढती. दोन वर्षं याच पोरांनी ती उतरती काढली होती, तिच्यावर वाद घातले होते, शेवंतीवर अख्खा तास घालवला होता. “वस्तू जितकी महाग,” ती हळूहळू, शब्द मोकळे सोडत म्हणाली, “तितकी माणसं जास्त घेतात.” आणि थांबली. कुणीतरी हसावं, कुणीतरी ‘मॅडम, उलटं काढलंय’ म्हणावं, यासाठी ती खडू हातात धरून उभी राहिली. पुढच्या बाकावरची, करिश्माची जागा रिकामी होती. तिच्या शेजारच्या पोरीनं एकदा फळ्याकडं पाहिलं, एकदा मॅडमकडं पाहिलं, ओठ हलल्यासारखे झाले, आणि तिनं कंपासपेटीतून पट्टी काढली.

तास संपायला पाच मिनिटं होती. महेजबीननं डबा फिरवला नाही. नुसतं विचारलं, “समजलं का?”

“हो मॅडम,” सगळा वर्ग म्हणाला.