ज्यांना कुणी विचारलं नाही

सुपेल्याच्या बाजारात पंखा दुरुस्तीला टाकून उभा होतो, तेव्हा कुंदावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले जी," एवढंच त्या बोलल्या. मागे कुकरची शिट्टी वाजत होती, ती बंद करायलाही घरात कुणी उठत नव्हतं...

कुंदावहिनींचा नवरा दिवाकर आणि मी पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये एकाच शिफ्टला होतो. मूळचा भंडाऱ्याकडचा, इकडे हिंदी मुलखात हुडको कॉलनीत घर केलं तरी दंडारीचं, गावाकडच्या नाचगाण्याच्या सोंगांचं, वेड सुटलं नव्हतं. गणपतीत दंडार बसवून स्वतः राणी व्हायचा आणि आम्हाला हसवून हसवून रडवायचा. मग आफ्रिकेतल्या एका देशात नवी मिल उभी करायला इथून माणसं गेली, त्यात तो गेला. परत आला तो दुसराच माणूस. राणीची साडी त्यानं पुन्हा नेसली नाही.

तिथलं त्यानं मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. शेजारी जोसेफ नावाचा शाळामास्तर राहायचा. दिवाकर गेला त्या वर्षी तिथे लष्करशाही संपून निवडणूक झाली. पाव स्वस्त करू, शाळेची फी माफ करू, असं म्हणणारा पक्ष जिंकला. लोक रस्त्यावर नाचले, जोसेफनं दिवाकरलाही नाचवलं. पण जुन्या लष्करशहानं काढलेलं कर्ज तसंच होतं. कर्ज देणाऱ्यांची माणसं राजधानीत उतरली आणि त्यांच्या अटींपायी थोड्याच दिवसांत पाव महागला, फी वाढली. लोक आमदाराच्या दारात गेले, तर तो हात जोडून म्हणाला, कर्ज मी काढलं नाही, तुम्ही काढलं नाही, पण सही देशाची आहे. पुढे दगडफेक झाली, गोळीबार झाला. जोसेफच्या पायाला गोळी लागली. पुढच्या निवडणुकीला मात्र त्याच्याच शाळेतल्या मतदान केंद्रावर दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही.

"गोळीबाराचं भेव नाही वाटलं मले," दिवाकर म्हणाला होता. "त्या रिकाम्या शाळेचं वाटलं."

"तू कावून मनाला लावून घेतो? तू तर मशीन बसवून राहिला होता."

"ते मशीन त्याच कर्जाचं होतं. माहा पगारबी त्याच्यातूनच. अन् ती मिल एक दिवसबी नाही चालली, लेका..."

रिटायर झाल्यावर हे वाढतच गेलं. मत मागायला येणाऱ्याला तो विचारायचा, एवढं सगळं देणार, तर त्यासाठी कर्ज किती काढणार, कुणाकडून, कोणत्या अटीवर? प्रचाराची पोरं हसायची. एकदा वहिनीच भडकल्या. सरकारी योजनेचे पैसे नुकतेच त्यांच्या खात्यात येऊ लागले होते.

"आयुष्यात पहिल्यांदा माह्या नावाचे पैसे भेटून राहिले, अन् तुमाले तेच खुपते?"

"घे ना तू. हक्क हाये तुया. पन कर्ज काढून देत असतील तर सांगून द्या म्हनतो मी. फेडनारे पोट्टे अजून पाळण्यात हायेत. त्याइले कोनं विचारलं?"

वहिनींनी ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि आत गेल्या. मला दोघांचंही खरं वाटत होतं.

शेवटची भेट त्याच्या ओसरीतली. छातीचं दुखणं वाढलेलं, बोलताना धाप लागत होती. रस्त्याकडे पाहत म्हणाला, "आपल्या इथं तसं नाही होनार... म्हन ना बे."

"नाही होणार," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

परवा हुडकोत गेलो. वॉर्डात प्रचार सुरू आहे, गल्लीत भोंगे वाजतात. प्रचाराच्या दिवसांत दिवाकर समोरचं दार सताड उघडं ठेवायचा, येईल त्याला आत बसवायचा. वहिनींनी त्या दाराला आतून कडी घातली होती. मला मागच्या दारानं घेतलं.

"ते लोक आले होते," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांच्यासारखं मीबी कर्जाचं विचारावं म्हटलं. तर तो पोरगा म्हने, काकी, आपका पैसा तो आ रहा है ना? मले त्या पैशाचं काम पडते. मी चूपच राहिली."

बाहेर भोंगा जवळ आला. कुणीतरी दार वाजवलं. वहिनींनी तोंडावर बोट ठेवलं, आणि आम्ही दोघं श्वास रोखून, ते जाईपर्यंत बसून राहिलो...