बाबांच्या मुठीत बसणारा ब्रश

मंडळी, आज दुपारी बाबांना घेऊन सौंसरच्या बाजारात गेलो होतो. उद्यापासून पंधरा दिवस फिजिओथेरपीसाठी नागपूरले राहाचं आहे. सोबत न्यायला दाढीचा एखादा स्वस्तातला ब्रश पाहिजे होता.

अर्धांगवायूनंतर बाबांचा उजवा हात ढिला पडला. तेव्हापासून त्यांची दाढी मीच करून राहिलो. म्हणून मी बॅगेत मावणारा सगळ्यात छोटा ब्रश उचलला.

बाबांनी तो हातात घेतला अन् तो बोटांतून निसटून खाली पडला.

मी म्हटलं, "राहू द्या न बाबा, मीच लावतो फेस."

दुकानातल्या काकूनं जाड मुठीचा एक साधा प्लास्टिकचा ब्रश त्यांच्यासमोर ठेवला. "भाऊ, हा धरून पाहा बरं."

बाबांनी मूठ आवळली. तो कोरडाच ब्रश हळूहळू गालावर फिरवला. मग मला म्हणाले, "फेस मी लावीन. तू फक्त ब्लेड चालव."

मला ओशाळल्यासारखं झालं. सहा महिने सेवा करून राहिलो, पण तुम्हाले काय जमते, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

तुमच्या घरी कोणाच्या हातचं काम तुम्ही असंच मायेनं काढून घेतलं आहे काय?